एकदाच वाजलेली कॅसेट

कलकत्त्यातल्या आम्हा मराठी माणसांत प्रेमलता खांबेटे यांना सगळे ओळखत, पण त्यांच्या घरी गेलेलं फारसं कुणी नव्हतं. मंडळाच्या गणपतीला त्या येत, मागच्या रांगेत बसत आणि आरती झाली की डमडमची मेट्रो गाठायला निघत. नवरा गेल्यावर साताऱ्याला परत का जात नाही असं कुणी विचारलं की म्हणत, तिकडे तरी आता कोण आहे. ते खरंच होतं. पुढची हकीकत त्यांनीच मला सांगितली, एका दुपारी, त्यांच्या डमडमच्या घरात, विमानं डोक्यावरून जात असताना थांबत थांबत.

त्या कलकत्त्यात आल्या लग्न होऊन. नवरा अरुण रेल्वेच्या गार्डन रीचच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता, पुलांचे नकाशे काढायचा. प्रेमलताबाई एका सरकारी बँकेत होत्या. बँकेने बदली दिली आणि डलहौसीतल्या कार्यालयात नव्याने सुरू झालेल्या संगणक विभागात त्यांना बसवलं, कारण त्यांचं गणित चांगलं होतं आणि त्या खात्यात जायला दुसरं कुणी राजी नव्हतं. तिथे मात्र त्या रमल्या. इतक्या, की बारा गावच्या शाखांचा हिशेब रोज संध्याकाळी जुळवायचं काम शेवटी त्यांच्याकडेच आलं.

ते मशीन कपाटाएवढं होतं आणि त्याची मेमरी आजच्या साध्या मोबाइलपुढेही काहीच नव्हती. प्रेमलताबाई मला समजावताना म्हणाल्या की मेमरी म्हणजे कामाचं टेबल. हाताशी सगळं, झटपट मिळणारं, पण वीज गेली की टेबल पुसलेलं. डिस्क म्हणजे भिंतीतलं कपाट. तिथून काढा-घालायला वेळ लागतो, पण ठेवलेलं राहतं. त्यांच्या मशीनचं टेबल इतकं लहान होतं की निम्मे कागद ते सारखं कपाटात सारायचं आणि लागले की पुन्हा बाहेर काढायचं. म्हणजे कपाटच टेबल म्हणून वापरायचं. यालाच स्वॅप म्हणतात. त्या काढाघालीत हिशेब रखडत जाई, आणि तो जुळेपर्यंत प्रेमलताबाईंना घरी जाता येत नसे.

घरी नूपुर असे, त्यांची एकुलती मुलगी. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, नदीपासून जवळ. अरुणची कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर होती, म्हणून संध्याकाळी तिला सांभाळायचा तो. जेवू घालायचा, गोष्ट सांगायचा, झोपवायचा. प्रेमलताबाई पोचत तेव्हा स्वयंपाकघरात ताट झाकून ठेवलेलं असे आणि मुलगी झोपलेली. अशी कितीतरी वर्षं गेली. पुढे नूपुर मोठी झाली, शिकली, नोकरीसाठी बेंगळुरूला आणि तिथून ॲडलेडला गेली. अरुण निवृत्त झाल्यावर दोघांनी डमडमला फ्लॅट घेतला. तिथे काही वर्षं बरी गेली, मग अरुणचं हृदय थकलं आणि एका पहाटे तो गेला.

नूपुर बापाशी जितकी मोकळी होती तितकी आईशी नव्हती. भांडण कधीच नव्हतं. रविवारी फोन यायचा, तब्येत विचारायची, पाऊस विचारायची, मग दोघींकडेही बोलायला काही उरत नसे. पूर्वी फोन अरुण घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, थांब, आईला देतो. आता तो नव्हता, तर फोन थेट आईकडे यायचा आणि लवकर संपायचा.

ती कॅसेट त्यांना अरुणच्या नकाशांच्या पेटीत सापडली. निळ्या शाईत त्याच्या त्या सरळ, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : नूपुर, गोष्ट. त्याने कधी टेप केलं हे प्रेमलताबाईंना माहीतच नव्हतं. अरुणचा दुसरा कुठलाही आवाज घरात नव्हता. मोबाइलवर त्याचे फोटो होते, एका लग्नातला व्हिडिओ होता, पण त्यात बँडच्या आवाजात त्याचे नुसते ओठ हलताना दिसत.

कलकत्त्याची हवा कॅसेटची वैरी. टेपवर पांढरी बुरशी धरली होती. बाईंनी चांदनीच्या बाजारात जाऊन एका दुरुस्तीवाल्याकडून चालू अवस्थेतला टेपरेकॉर्डर मिळवला. त्या माणसाने कॅसेट उजेडात धरून पाहिली आणि सांगितलं की ही एकदा वाजेल, फार तर. हिचा मसाला सुटत आलाय. तेव्हा एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी संगणकात उतरवून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं.

संगणक त्यांचा स्वतःचा होता, निवृत्तीनंतर घेतलेला आणि आता जुना झालेला. त्यावर त्यांनी लिनक्स ही प्रणाली बसवली होती आणि तो त्या मायेने चालवत. पण त्याची डिस्क अधूनमधून अडखळू लागली होती. आधी रेडिओचा आवाज उतरवून त्यांनी चाचणी घेतली, तर मध्येच क्षणभर सगळं गायब. डिस्क लिहायला थांबली की तेवढा आवाज गळायचा. जी कॅसेट एकदाच वाजणार तिच्याबाबतीत हे चालणार नव्हतं.

म्हणून त्यांनी उलटी युक्ती केली. मेमरीचाच एक भाग बाजूला काढून त्याचं कपाट केलं. संगणकाला सांगितलं की ही डिस्कच आहे असं समज आणि आवाज इथे लिही. मेमरी कधी अडखळत नाही. काम झालं की तिथून खऱ्या डिस्कवर सावकाश नकलून घ्यायचं. असं त्यांनी नोकरीत अनेकदा केलं होतं. त्यात एकच धोका असतो, तो त्यांना पाठ होता.

वैशाखातली दुपार होती. त्यांनी दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, कॅसेट घातली. सुरुवातीला नुसती खरखर, आणि मग अरुण. तरुण आवाजातला अरुण, घसा खाकरून म्हणत होता की आता गप्प बसायचं आणि ऐकायचं. बाईंनी आवाज बेताचा ठेवला होता, कारण लक्ष पडद्यावरच्या पट्टीवर होतं. आवाज मोठा झाला की पट्टी लाल होते, मग तो फाटतो. लहान झाला तर खरखरीत बुडतो. एक हात बटणावर ठेवून त्या ती पट्टी बघत राहिल्या. गोष्ट एका क्रेनची होती, गोदीतल्या क्रेनची, जिला उंचीची भीती वाटते, इतकं कळलं. बाकी त्यांनी मनाला सांगितलं, आत्ता नको, नंतर निवांत ऐकू. आत्ता फक्त नीट उतरू दे.

कॅसेट शेवटपर्यंत वाजली. काढली तेव्हा टेपरेकॉर्डरच्या हेडवर तपकिरी भुकटी साचली होती आणि टेपचे तुकडे काचेसारखे आरपार दिसत होते. दुरुस्तीवाला बरोबर बोलला होता.

आता खरं म्हणजे पहिलं काम नकलून घेण्याचं. पण बाईंना वाटलं, आधी खरखर काढून पाहू, निघते का. निघत असेल तर स्वच्छ केलेलंच डिस्कवर ठेवू. त्यांनी सफाईचं काम सुरू केलं. ते अवजड काम, एकाच आवाजाच्या तीन-चार प्रती करणारं. मेमरी अपुरी पडू लागली, डिस्कचा दिवा पेटला तो विझेचना, आतून दाणे दळल्यासारखा आवाज येऊ लागला. हे चालू दे, तोवर भात लावू, म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

इमारतीत त्या दिवशी पाण्याच्या पंपाच्या तारा बदलत होते. खालून इलेक्ट्रिशियनने ओरडून सांगितलं असणार की लाइन बंद करतोय. दारं-खिडक्या लावलेल्या, बाईंना ऐकू आलं नाही. यूपीएसची बॅटरी हिवाळ्यातच गेली होती आणि बदलू बदलू म्हणत राहून गेली होती. त्या तांदूळ धूत होत्या आणि फ्रिजचा आवाज थांबला. तेवढ्यावरून त्यांना कळलं. हात तसेच ओले घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आल्या. पडदा काळा होता.

त्या मला म्हणाल्या, मी रडले नाही. मी खुर्चीवर बसले आणि माझ्या हातून काय झालं ते नुसतं बघत राहिले. जिने आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं की मेमरीत ठेवलेल्याचा भरवसा धरू नका, तिनेच ते केलं. कुणाला सांगायचं, तर सांगायलाही कुणी नव्हतं. नूपुरला कॅसेट सापडल्याचं त्यांनी कळवलंच नव्हतं. तिला अवचित पाठवायचं मनात होतं.

बऱ्याच वेळाने वीज आली. फ्रिज सुरू झाला. सवयीने त्यांचा हात संगणकाच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

त्यांना तो दळण्याचा आवाज आठवला. मेमरी भरली होती. भरली म्हणजे काहीतरी उचलून डिस्कवर गेलंच असणार. आणि मेमरीतलं ते खोटं कपाट, तेही मेमरीचाच भाग. टेबल पुरेनासं झालं तर त्यावरचं ते कपाटसुद्धा तुकड्या-तुकड्याने खऱ्या कपाटात सारलं जातं. वीज गेली तशी मेमरी पुसली गेली, पण डिस्कवर सारलेलं कुणी पुसत नाही. ते कुणाचं आणि कुठलं याची यादी तेवढी हरवते. मात्र संगणक पुन्हा सुरू केला तर तो त्याच जागेवर नवीन काहीतरी लिहायला लागेल.

त्यांनी प्लग काढून टाकला. मग संगणकाचा डबा उघडून डिस्कही सोडवली आणि जेवायच्या टेबलावर पंच्यात गुंडाळून ठेवली. त्यानंतर त्यांनी भात लावला, कारण तांदूळ भिजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्या बेहालाला गेल्या. तिथे निखिलदा राहत, बँकेतले जुने सहकारी. संगणक विभागात दोघांनी बरीच वर्षं शेजारी बसून काढली होती. निखिलदांकडे चांगला लॅपटॉप होता आणि सुटी डिस्क जोडायचं साधनही. मेट्रोत बाईंनी पिशवी मांडीवर धरली होती. काळीघाटला उतरून पुढे ऑटोत त्या प्रत्येक खड्ड्याला पिशवी उचलून धरत होत्या, तेव्हा शेजारच्या प्रवाशाने विचारलं की अंडी आहेत का. त्या हो म्हणाल्या.

निखिलदांच्या घरी त्यांची बायको आभा आणि ते, दोघंच. आभाबौदींनी, म्हणजे वहिनींनी, आधी चहा दिला, मग चहाला यायला उशीर का केला म्हणून नवऱ्याला बोलल्या, मग साखर जास्त झाली म्हणून नवरा त्यांना बोलला. प्रेमलताबाई ते ऐकत बसल्या. घरात कुणी कुणावर कुरकुर केलेली ऐकून त्यांना फार दिवस झाले होते.

निखिलदांनी सगळं ऐकून घेतलं. अरुणला ते ओळखत, गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये त्यांनी पुरणपोळी खाल्ली होती. त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाले, "प्रेमलतादी, मिळालं तर चिंध्या मिळतील. साडी मिळणार नाही. चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या.

डिस्कवरचा तो स्वॅपचा भाग त्यांनी जसाच्या तसा, एकही अक्षर न बदलता, नकलून घेतला. डिस्क मध्येच अडखळत होती. प्रत्येक वेळी ती थांबली की दोघंही थांबत, आणि ती पुन्हा चालू लागली की निखिलदा पायाने ठेका धरल्यासारखं करत. संध्याकाळपर्यंत ते पूर्ण झालं. मग त्यांनी तो अगडबंब ढीग आवाजाच्या प्रोग्रॅमला दिला आणि सांगितलं की हा सगळा आवाजच आहे असं समजून वाजव.

बाईंनी हेडफोन कानाला लावला. फरफर. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं काहीतरी. मग शांतता, मग शिट्टीसारखं, मग पुन्हा वाळू. स्वॅपमध्ये काय काय असतं : पडद्यावरची चित्रं, प्रोग्रॅमचे तुकडे, कुठलीतरी अक्षरं. ते सगळं कानांवर आदळत राहिलं. आभाबौदी येऊन दारात उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. बऱ्याच वेळानंतर त्या वाळूतून एक शब्द आला, स्वच्छ, लहान मुलीचा.

"मग?"

बाईंनी हेडफोन काढून निखिलदांकडे दिला. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले.

पुढचे कितीतरी आठवडे प्रेमलताबाई त्या कामाला लागल्या. संगणकाला नवी डिस्क आणली, यूपीएसला बॅटरी. त्यांनी स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो ढिगातून आवाजासारखे दिसणारे तुकडे वेगळे काढील. काही तुकडे डोळ्याची पापणी लवण्याएवढे होते, त्यात नुसतं 'क' किंवा 'आ'. काही चांगले लांब, पुरं वाक्य मावेल असे. काही दोनदा सापडले, एकदा खरखरीसकट आणि एकदा सफाई झालेले. ते सापडले की त्यांना बरं वाटे, कारण दोन्ही शेजारी ठेवून कळे की त्यांचं सफाईचं काम नीट चाललं होतं.

क्रम लावणं सगळ्यात अवघड होतं. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, हे डिस्क सांगत नाही. गोष्ट त्यांनी एकदा पूर्ण ऐकली होती खरी, पण आठवायला बसलं की डोळ्यांपुढे ती पट्टी यायची, हिरवी, पिवळी, लाल. म्हणून त्यांनी मागचे आवाज धरले. एका ठिकाणी गोदीचा भोंगा होता, पाळी सुटल्याचा. ज्या तुकड्यांत त्याची लांबट शेपटी ऐकू येई ते एकत्र आले. शेजारच्या घरातला प्रेशर कुकर आणखी एक खूण ठरला. आणि नूपुरचा आवाज जसजशी गोष्ट पुढे जाई तसा झोपाळू होत गेला होता. जागा आवाज आधी, पेंगुळलेला नंतर.

असं करत गोष्टीचा सांगाडा उभा राहिला. एक क्रेन असते. सगळ्या क्रेन जहाजातून माल उचलतात, ही डोळे मिटून उचलते, म्हणून पोती नदीत पडतात. मग एक कावळा येऊन तिच्या टोकावर बसतो. पुढे मोठी फट. मग क्रेन एक डोळा उघडते. मग पुन्हा फट, आणि शेवटी अरुणचा आवाज अगदी हळू, "झोपलीस का गं?" आणि उत्तर नाही.

या सगळ्याच्या मध्ये, भोंग्याच्या जरा आधी, एक तुकडा होता. त्यात नूपुर विचारते, "बाबा, आई कखोन येणार?" कखोन म्हणजे केव्हा. मोलकरणीचं बंगाली आणि घरचं मराठी यांची ती तेव्हा अशीच मिसळ करायची. त्यावर अरुण म्हणतो, "येईल हं. आज ना, आईच्या मशीनला..."

तिथे तुकडा संपतो.

प्रेमलताबाईंनी तो पुढचा तुकडा शोधायला सुरुवात केली आणि त्यांना दुसरं काही सुचेना. सगळा ढीग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून ऐकला. प्रोग्रॅम बदलून पाहिला. एक 'ला' सापडला, त्या वाक्यातला असेल किंवा नसेल. त्या दुपारी अरुणने काय सांगितलं होतं ते त्यांच्या कानांवरून गेलं होतं, त्यांच्याच खोलीत, भर दुपारी, आणि त्या पट्टी बघत होत्या. याचंच त्यांना सगळ्यात वाईट वाटत होतं. वीज गेली हे त्यापुढे काहीच नव्हतं.

निखिलदा मधूनमधून फोन करत. एकदा त्यांनी सांगितलं की पुरे करा, जेवढं आलं तेवढं तुमचं. बाई हो म्हणाल्या आणि फोन ठेवून पुन्हा हेडफोन लावला. मंडळाच्या गणपतीला त्या वर्षी त्या आल्या नाहीत. आम्हाला वाटलं आजारी असतील. कुणीतरी फोन केला तर त्यांनी प्रकृती ठीक असल्याचं सांगितलं.

दुर्गापूजा झाल्यावर, उकाडा जरा उतरल्यावर, त्यांनी हेडफोन खाली ठेवला. जेवढं जुळलं होतं तेवढं एकत्र केलं. फटींच्या जागी त्यांनी काही भरलं नाही, नुसती शांतता ठेवली, अंदाजाने जेवढी असावी तेवढी. नूपुरला पाठवलं आणि सोबत लिहिलं की बाबांच्या कॅसेटमधलं एवढंच वाचलं.

उत्तर लगेच आलं नाही. तीन-चार दिवसांनी आलं, तेही मेसेज. तिने लिहिलं होतं की तिने तिकीट काढलंय, डिसेंबरात येते.

आली ती एकटीच आली. आल्या आल्या तिने घरभर हिंडून पाहिलं, बाबांची खुर्ची कुठे गेली विचारलं. पाय मोडल्यामुळे गॅलरीत ठेवलीय, असं आईने सांगितलं. दोन दिवस दोघींनी बाजार केला, नातलगांना फोन केले, कॅसेटचा विषय कुणीच काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर नूपुर स्वतःच म्हणाली, लाव. संगणकाच्या बारीकशा स्पीकरवर त्यांनी ती लावली. 'कखोन' आलं तेव्हा नूपुर हसली. बाकी वेळ ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. संपल्यावर ती म्हणाली की ही क्रेनची गोष्ट तिला अजिबात आठवत नाही. तिला बाबांच्या बोटांना येणारा पेन्सिलीचा वास आठवतो.

प्रेमलताबाईंनी मग तो प्रश्न विचारला, ज्यासाठी त्या सबंध पावसाळा बसल्या होत्या. बाबा पुढे काय म्हणाले असतील?

"त्या दिवशीचं नाही माहीत," नूपुर तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली. "मी रोज विचारायचे ना. रोज वेगळं सांगायचे. मशीनला ताप आलाय. मशीन रडतंय. मशीन झोपत नाहीये, म्हणून आई त्याला थोपटतेय. मला वाटायचं, ऑफिसात तुझी दुसरी मुलगी आहे. मशीन नावाची."

बाईंनी विचारलं की मग माझा राग यायचा का.

"तुझा नाही," नूपुर म्हणाली. "मला ती आवडायची नाही."

"ती झोपायची नाही हे खरं होतं," प्रेमलताबाई म्हणाल्या.

नूपुरने आईकडे पाहिलं, आणि मग दोघी हसल्या, पण ते हसू लवकर सरलं. नूपुर उठून पाणी प्यायली. त्या रात्री, निजायच्या आधी, ती आईच्या खोलीच्या दारात आली आणि काहीतरी विचारावं तशी उभी राहिली. मग म्हणाली की उद्या फुलकोबी आणायची का. बाई म्हणाल्या, आण.

जायच्या दिवशी विमानतळ इतका जवळ की निरोपाला प्रवाससुद्धा नव्हता. टॅक्सीत बसेपर्यंत आलाच. नूपुरने आत शिरताना वळून हात केला, गर्दीत एकदा पुन्हा केला. प्रेमलताबाई ऑटोने परत आल्या. घरात तिचा टॉवेल खुर्चीवर वाळत होता. वरून विमानं जात राहिली. त्यांतलं तिचं कुठलं हे ओळखायचा त्यांनी प्रयत्न केला नाही, कारण वेळ झाली नव्हती, ती अजून आत रांगेत उभी असणार होती.

संक्रांतीनंतर एका दुपारी त्यांनी संगणकाला मायक्रोफोन जोडला. नूपुरने कितीदा विचारलं असेल आई केव्हा येणार, आणि उत्तर दर वेळी दुसऱ्यानेच दिलं होतं. ते आपण आता द्यावं असं त्यांच्या मनात आलं. त्या बोलू लागल्या. डलहौसीचं ते कार्यालय, त्याचा लांब जिना, थंडगार मशीनची खोली जिथे उन्हाळ्यातही शाल लागे. हिशेब न जुळण्याची कारणं त्यांनी सांगितली, कुठल्या शाखेचा आकडा उशिरा यायचा ते सांगितलं. शेवटची ट्राम निघून गेली की निखिलदा त्यांना बसपर्यंत सोडायला येत, हेही. मग त्या थांबल्या, कारण सांगायचं होतं ते हे नव्हतं आणि जे होतं त्याला शब्द सापडत नव्हते.

परत लावून ऐकलं तेव्हा तो ऑफिसचा अहवाल वाटला. त्यांनी मला तोही ऐकवला. मला तसा वाटला नाही, पण मी त्यांची मुलगी नव्हे.

खोडावं की ठेवावं याचा त्यांनी बराच विचार केला. शेवटी ते आहे तसं नूपुरला पाठवून दिलं. मोबाइलवर मेसेज पोचल्याच्या दोन रेघा उमटल्या, थोड्या वेळाने त्या निळ्या झाल्या. तिकडे संध्याकाळ झालेली असणार, ती स्वयंपाकात असेल. बाईंनी मोबाइल टेबलावर उलटा ठेवला आणि गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढू लागल्या.